आधी स्टेशन, मग किर्लोस्करवाडी

नमस्कार मंडळी. मिरज-पुणे मार्गाचा व्हिडिओ टाकला होता, आठवतंय? त्यात हे स्टेशन जेमतेम बारा सेकंद दिसलं. आणि कॉमेंट्स कशावर? त्या बारा सेकंदांवर! "दादा, किर्लोस्करांच्या कारखान्यासाठी खास स्टेशन बांधलं का हो?" दहा जणांनी दहा तऱ्हेनं हेच विचारलं. म्हणून आज किर्लोस्करवाडीलाच येऊन उभा राहिलोय.

पत्ता पटकन सांगतो. सांगली जिल्हा, पलूस तालुका, ताकारी आणि आमणापूरच्या मधलं स्टेशन. मार्ग मूळचा सदर्न मराठा रेल्वेचा, मीटर गेज. १९०८ पासून मद्रास अँड सदर्न मराठा, म्हणजे जुन्या माणसांची 'एमएसएम'. ब्रॉडगेज झालं ते स्वातंत्र्यानंतर. झालं, एवढं तुम्हाला माहीतच असणार.

आता मुद्द्याचं. कारखान्यासाठी स्टेशन आलेलं नाही. स्टेशन होतं म्हणून कारखाना इथं आला. उलटं नाही!

सालं बघा. पुणे-लोंढा लोहमार्ग १८९० पर्यंत पुरा झाला. लक्ष्मणराव किर्लोस्कर या माळावर आले १९१० साली. वीस वर्षांचा फरक आहे राव. त्या आधी या स्टेशनचं नाव होतं कुंडल रोड.

या 'रोड'वरून परवा एकानं लिहिलं, "इथून हायवे जात असेल." नाही हो! स्टेशनच्या नावात 'रोड' दिसलं की समजायचं, गाव इथं नाही. उतरा, आणि पुढची बैलगाडी बघा. नाशिक रोड तसंच, अक्कलकोट रोड तसंच, राजस्थानातलं आबू रोडही तसंच. आपल्या कुर्डुवाडी स्टेशनला पूर्वी बार्शी रोड म्हणायचे, बोला! इथंही रूळ कृष्णाकाठच्या सपाटीनं गेले आणि कुंडल राहिलं तिकडं डोंगराकडं. म्हणजे स्टेशनच्या नावातच लिहिलं होतं की इथं वस्ती नाही. कारखाना आधी असता, तर लांबच्या कुंडलचं नाव कशाला दिलं असतं?

माझी आजी शेवटपर्यंत कुंडल रोडच म्हणायची. मिरजेच्या खिडकीवर "दोन कुंडल रोड द्या" म्हणाली की मी लाजून बाजूला व्हायचो. आतला माणूस मात्र काही न बोलता बरोबर तिकीट द्यायचा.

बरं, लक्ष्मणराव. बेळगावात त्यांचा नांगरांचा कारखाना होता. नगरपालिकेला शहर वाढवायचं होतं, जागा सोडावी लागली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचं कर्ज. जमीन कसली? निवडुंग आणि नाग! इथंच माझी चिडचिड होते. प्रत्येक लेखात नाग असतात, निवडुंग असतो, आणि रूळ मात्र कुणी लिहीत नाही.

आता धंदेवाल्याच्या डोक्यानं विचार करा. लोखंडी नांगर काय, उसाचा चरक काय, हलका माल आहे का? भट्टीला कोळसा पाहिजे, बिडाचं लोखंड पाहिजे. हे सगळं बैलगाडीनं कुठून कुठून ओढणार? औंध संस्थान म्हणजे तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला मुलूख, त्यात रेल्वेला लागून असलेला हा माळ. निवडुंग तोडता येतो. रूळ कुठून आणणार?

"टाटानगरसारखंच ना?" असंही विचारलंत. नावापुरतं हो, तेही आधी कालीमाटी होतं. कुंडल रोडचा 'रोड' गेला आणि 'वाडी' आली, तसंच.

आणि हो, "रेल्वे लुटली ती इथंच ना?" नाही. ७ जून १९४३ ची ती पगाराची गाडी, प्रतिसरकारच्या, म्हणजे इंग्रजांविरुद्ध इथं चाललेल्या समांतर सरकारच्या, तुफान सेनेनं अडवली ती शेणोलीला, कराडच्या बाजूला. पण कुंडलचा संबंध आहेच. जी. डी. बापू लाड कुंडलचे, आणि प्रतिसरकारचं मोठं ठाणं कुंडल. गाव औंध संस्थानात, त्यामुळं इंग्रजांच्या पोलिसांना थेट घुसणं अवघड. फक्त एक करा, कुंडलात जाऊन 'लुटली' म्हणू नका. लोकांचाच पैसा होता, असं ऐकवतील. त्यावर वेगळा व्हिडिओ करतो.

शेवटी एक राहिलंच. १९२० पासून इथून 'किर्लोस्कर खबर' निघायला लागलं, त्याचंच पुढं 'किर्लोस्कर' मासिक झालं. १९३० ला 'स्त्री'. या स्टेशनवर कधीही न उतरलेल्या घरांतसुद्धा किर्लोस्करवाडी हा पत्ता पोचला तो असा.

कुणाच्या ट्रंकेत 'कुंडल रोड' छापलेलं पुठ्ठ्याचं तिकीट असेल तर फोटो पाठवा. फाटकं असलं तरी चालेल. गाडी येतीये, आता माझा आवाज काही ऐकू यायचा नाही.