पोटात पाणी, पण कारण रक्तात

(मॉनिटरचा क्लोज-अप. पाच सेकंद नुसतं चित्र.)

हे जे जाळं दिसतंय ना, कोळ्याने विणल्यासारखं, ते २७ वर्षांच्या एका मुलीच्या यकृतात आहे. खरं तर इथे तीन चांगल्या जाड शिरा दिसायला हव्या होत्या, उजवी, मधली, डावी, तिन्ही वर जाऊन हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेला मिळतात. हिच्या दोन पार बंद आहेत, तिसरी तोंडाशी आवळलीय, आणि अडकलेल्या रक्ताने मिळेल तिथून वाट काढत जे बारीक फाटे फोडले तेच हे जाळं.

(वॉर्ड. पोटाला टेप लावून माप घेतायत.)

चार महिने पोट फुगत होतं. आधी गॅसच्या गोळ्या झाल्या, मग कावीळ असेल म्हणून गावठी औषध, मग सोनोग्राफीत पाणी दिसलं तर सुई टाकून काढलं, आठवड्यात परत भरलं, परत काढलं. आणि जिथे जाईल तिथे पहिला प्रश्न एकच, दारू घेता का? ती थेंबाला शिवलेली नाही. डॉप्लर मात्र कोणी सांगितला नाही. डॉप्लर म्हणजे सोनोग्राफीच, फक्त शिरेत रक्त वाहतंय की नाही आणि कुठल्या दिशेने ते रंगात दिसतं, ना सुई ना चिरा. यकृताच्या शिरा बंद पडून पोटात पाणी साठण्याचा हा आजार लंडनच्या जॉर्ज बड यांनी १८४५ मध्ये लिहून ठेवला, हान्स चिअरी यांनी १८९९ मध्ये, म्हणून नाव बड-चिअरी. म्हणजे काल-परवा सापडलेली गोष्ट नाहीये ही.

(कॅथ लॅब. शिशाचे एप्रन चढवणारे हात.)

आता बघा. भूल फक्त मानेपुरती. मानेतल्या शिरेत सुई, सुईतून एक लवचिक तार, ती तार हृदयाच्या उजव्या कप्प्यातून खाली उतरवत यकृताच्या त्या आवळलेल्या शिरेच्या तोंडाशी न्यायची. ऐकायला सोपं वाटतं. तार तीनदा घसरली, आम्ही काचेपलीकडे श्वास रोखून उभे, आणि आत टेक्निशियन दर वेळी त्याच शांत आवाजात, "ताई, श्वास धरा... सोडा आता."

चौथ्या वेळी गेली.

तारेवरून फुगा सरकवला. हातातल्या पंपाने तो फुगवतात, आत डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध, असते म्हणून पडद्यावर काळा दिसतो. फुगा दोन्ही टोकांना फुगला, मधे मात्र आवळलेलाच, अगदी डमरूसारखा, ती मधली कंबर म्हणजेच अडथळा. अजून थोडं प्रेशर. अजून. आणि ही बघा, कंबर गेली.

(शॉट पूर्ण चालू द्यायचा. निवेदन नाही.)

शीर परत आवळू नये म्हणून आत धातूच्या जाळीची नळी, स्टेंट. मग पुन्हा डाय सोडली तर मघाचं कोळ्याचं जाळं जवळपास दिसेनासंच झालं, रक्त सरळ वर निघालं.

(लॅब. रक्ताच्या नळ्या, निळी झाकणं.)

शिरा बंद पडल्या त्या रक्ताच्या गुठळीने, पण मुळात गुठळी झालीच का? गुठळी वाढत जाऊ नये म्हणून रक्तात ब्रेक असतात, प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटिथ्रॉम्बिन. यातलं प्रोटीन सी रक्त गोठवायला मदत करणाऱ्या फॅक्टर फाईव्ह या प्रोटीनला ठरलेल्या जागी कापून थांबवतं. काही घराण्यांत या फॅक्टरच्या जीनमधलं एक अक्षर, फक्त एक, बदललेलं असतं आणि तिथे कात्रीच लागत नाही. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात १९९४ मध्ये हे सापडलं म्हणून फॅक्टर फाईव्ह लायडन. पश्चिम भारतातल्या बड-चिअरीच्या पेशंटवर मुंबईच्या संशोधकांनी २००१ मध्ये अभ्यास छापला, त्यातही आनुवंशिक कारणांत हेच सगळ्यात जास्त निघालं. तेवढ्याने प्रत्येकाला गुठळी होते असं नाही, बाळंतपण, हार्मोनच्या गोळ्या, बोन मॅरोचा एखादा छुपा आजार, असं काहीतरी जोडीला लागतं.

यात एक गंमत आहे, म्हणजे पेशंटसाठी गंमत नाही, हे ब्रेक यकृतच बनवतं, त्यामुळे यकृत आजारी असताना तपासलं तर ते कमीच येणार आणि घराण्याला उगाच दोष लागणार. जीनची टेस्ट मात्र फसत नाही. हिची पॉझिटिव्ह आली, आईकडून की वडिलांकडून ते अजून बघायचंय.

(घर. स्टीलचा डबा, गोळ्यांची पट्टी.)

रक्त पातळ ठेवायची गोळी आता बहुतेक जन्मभर, आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, दोन ते तीनमध्ये ठेवायचा, पालक-मेथी रोज तेवढीच, मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून गोळीच्या जागी इंजेक्शन.

(शेवटचा शॉट.)

हा तिचा धाकटा भाऊ. बाही वर करून बसलाय, सुईकडे बघत नाहीये. रिपोर्ट यायचाय.