मापाच्या वहीतलं कार्ड

[शिलाई मशीन. सुई, कापड, हात.]

या ताई ऑर्डरप्रमाणे शिवण करतात. एखाद्या महिन्यात रात्री बारापर्यंत मशीन चालतं, एखाद्यात नुसती उसवण-टाचण. पगाराची स्लिप नाही. काही वर्षांपूर्वी त्या सख्ख्या भावाच्या कर्जाला जामीन राहिल्या. भावाचे हप्ते थकले. कर्जातला एक पैसाही ताईंच्या हातात आला नव्हता, पण डाग दोघांच्या नावाला लागला.

[क्रेडिट रिपोर्टचं पान. ओळीवरून फिरणारं बोट.]

क्रेडिट रिपोर्ट म्हणजे कुणी उधारी कशी फेडली याच्या नोंदींचा कागद. हे पान जरा जवळून बघा. एका महिन्याला एक चौकोन. हप्ता किती दिवस उशिरा आला, तो आकडा त्या चौकोनात: 30, 60, 90. क्रेडिट स्कोअर, म्हणजे उधारी फेडण्याच्या भरवशाचा आकडा, मुख्यतः अशाच नोंदींवरून निघतो. भारतातल्या सिबिल या ब्युरोचा, म्हणजे असे रिपोर्ट ठेवणाऱ्या संस्थेचा, 300 ते 900; अमेरिकेतल्या फायकोचा 300 ते 850. फायकोच्या हिशेबात परतफेडीच्या इतिहासाला साधारण 35 टक्के वजन, आणि डोक्यावर देणं किती आहे त्याला 30.

यात उत्पन्न कुठे आहे? कुठेच नाही. स्कोअर काढताना ते धरतच नाहीत. कमी कमावणाऱ्याचा स्कोअर कमीच असणार, हा समज लोकांच्या मनात इतका घट्ट बसलाय की बरेच जण आपला रिपोर्ट उघडूनसुद्धा बघत नाहीत. बिघडलेला स्कोअर सुधारायला वेळेवर फेडलेली उधारी लागते, म्हणून ताईंना क्रेडिट कार्ड हवं होतं. उत्पन्न विचारतात ते कार्ड देताना. गाडी अडते ती तिथे.

[टेबलावर तीन कार्डं. क्लोजअप.]

तिन्ही सारखीच चमकतात.

पहिलं प्रीपेड. आधी पैसे भरा, मग खर्च करा. यात कुणी कुणाला उधार दिलेलंच नाही, त्यामुळे मघाच्या त्या पानावर याचा एकही चौकोन उमटत नाही. ताईंनी हे कार्ड दीड वर्ष वापरलं. स्कोअर सुधारेल म्हणून.

दुसरं जाहिरातीतलं. ‘स्कोअर कसाही असो, लगेच मंजूर.’ मर्यादा चिमूटभर, आणि कार्ड हातात पडायच्या आधीच त्यावर फी चढलेली. अमेरिकेत हा प्रकार इतका बोकाळला, की 2009 च्या कायद्याने पहिल्या वर्षाच्या फीला मर्यादेच्या 25 टक्क्यांची वेसण घालावी लागली. वेसण म्हणायची, पण चौथा हिस्सा फीत गेला तरी ते कायद्यात बसतं! जिचं उत्पन्न तोकडं आहे, तिने या कार्डाच्या वाटेला जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तिसरं, ठेवीवरचं. आपलीच छोटी रक्कम बँकेत तारण ठेवायची, आणि तेवढ्याच किंवा थोड्या कमी मर्यादेचं कार्ड घ्यायचं. पैसे बुडायची धास्ती ठेवीने मिटते, म्हणून इथे पगाराच्या स्लिपवाचून फारसं अडत नाही. मात्र ठेव अडकून पडते. घरातली शेवटची शिल्लक इथे टाकू नये. आणि दर महिन्याचं बिल ठेवीतून आपोआप वळतं होईल, असं कुणी धरून चालू नये. बिल आपणच भरायचं. चुकलं तर चौकोनात आकडा पडतोच, आणि पुढे ठेवही जाते.

[मापाची वही. शेवटचं पान.]

बँकेतलं चित्रीकरण आमच्याकडे नाही. काउंटरवर विचारायचे प्रश्न मात्र ताईंनी मापांच्या मागे लिहून नेले होते. ‘वर्षाची फी किती. ब्युरोला दर महिन्याला कळवता का. ठेव परत कधी.’ मधल्या प्रश्नाखाली दोन रेघा आहेत, आणि त्या बरोबर जागी आहेत. बँक कळवत नसेल, तर वर्षभर वेळेवर भरलेल्या पैशांची कुठेच दाद लागत नाही. ताईंनी अर्ज एकाच ठिकाणी केला. पाच ठिकाणी केला असता तर पाच चौकश्या रिपोर्टवर चढल्या असत्या आणि स्कोअरला धक्का लागू शकला असता. आपला रिपोर्ट आपण पाहिला तर स्कोअरला धक्का लागत नाही.

[भिंतीवरची दिनदर्शिका. शिवणाच्या खडूच्या दोन खुणा.]

5 आणि 23. बिल तयार होतं 5 तारखेला, भरायची शेवटची तारीख 23. सगळ्यांचा डोळा 23 वर असतो. पण ब्युरोकडे सहसा जातो तो बिल तयार होतानाचा आकडा. समजा, मर्यादा 100 आहे आणि तुम्ही 60 वापरले. 23 ला पै न् पै चुकती केली, तरी रिपोर्टवर 60 च दिसणार, आणि पैशांची ओढाताण असलेला माणूस असाच दिसतो. म्हणून ताई 3 तारखेलाच बरीचशी रक्कम भरून टाकतात, बिलावर पाच-दहा उरू देतात आणि तेवढे 23 च्या आत भरतात. मर्यादेच्या 30 टक्क्यांच्या आत राहा असं सांगतात, पण 10 टक्क्यांच्या आत बरं. कार्डावर खर्च एकच, फोनचं बिल.

[बिलाचा कागद. ठळक ओळ: ‘किमान देय रक्कम’.]

ही ओळ मुद्दाम मोठी छापलेली असते. तेवढंच भरलं तर उशिराचा शिक्का टळतो, व्याज टळत नाही. महिन्याला 3 टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. वर्षाला ते 36 होतात, आणि व्याजावर व्याज धरलं तर 42 च्या वर. कार्डावर रोख काढली तर व्याजाचा मीटर त्याच दिवशी सुरू.

[नवा रिपोर्ट. ताई वाचतायत.]

चौदा महिन्यांत स्कोअर वर सरकला, ठेव सुटली, साधं कार्ड आलं. भावाच्या हप्त्यांचे चौकोन याच पानावर, वरच्या ओळीत.

[ताई पानाची घडी घालून वहीत ठेवतात. मशीन सुरू होतं.]