आधी ऐकणारा हवा

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या महिन्यात एरंडोलकडचा एक तरुण घरी आला. वही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, पिशवीला वरून दोरी. म्हणाला, "मॅडम, कविता आहेत. घरात दाखवल्या तर हसतील, मित्रांना दाखवल्या तर मोबाईलवर फिरवतील. कोणाला दाखवू?" मी विचारलं, "कधीपासून लिहितोस?" म्हणाला, "दहावीपासून." आता त्याचं बी.ए. संपून वर्ष झालंय. म्हणजे सहा वर्षं ती वही एकाही माणसाने उघडलेली नव्हती.

आपल्या खानदेशात, तापी-गिरणेच्या काठी, अशा दोरी बांधलेल्या वह्या घरोघर आहेत, हे मी शाळेतल्या नोकरीत पाहत आले. निवृत्तीनंतर आम्ही चार-पाच जणांनी गावात वाचन-लेखनाची एक बैठक सुरू केली. तिला आता सात वर्षं झाली. नव्याने लिहिणाऱ्या माणसाला काय लागतं, याबद्दल या बैठकीतून जे कळलं ते आज तुम्हाला सांगायचं आहे. त्याला मार्गदर्शन, पुरस्कार, प्रकाशक हे सगळं नंतर लागतं. आधी लागतो तो ऐकणारा माणूस. आणि तो एकदाच येऊन भागत नाही, ठरल्या दिवशी पुन्हा पुन्हा यावा लागतो.

आपल्या बहिणाबाईंचंच बघा ना. १८८० साली आसोद्याला जन्म, अक्षरओळख नाही, जळगावला सासर, तरुणपणी वैधव्य. शेतात, जात्यावर, चुलीपुढे त्या ओव्या रचत गेल्या. त्या टिकल्या कशा? मुलगा सोपानदेव आणि घरातले पितांबर चौधरी त्या ऐकत होते आणि उतरवून घेत होते. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ते कागद आचार्य अत्र्यांपुढे ठेवले आणि १९५२ मध्ये संग्रह निघाला. आपण अत्र्यांचं नाव घेतो, घ्यायलाच हवं. पण त्याच्या कितीतरी आधी, आईच्या तोंडची ओळ वाया जाऊ नये म्हणून कोणीतरी पेन्सिल हातात घेतली होती. मला त्या पेन्सिलीचं मोल जास्त वाटतं. आज विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे, त्याचं मूळ घरातल्या त्या ऐकण्यात आहे.

दुसरी गोष्ट १९०७ सालची. जळगावात कविसंमेलन भरलं, अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. धरणगावात जन्मलेला त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा सतरा वर्षांच्या आतबाहेरचा मुलगा तिथे उभा राहिला आणि कविता म्हणाला. मोठ्यांच्या सभेने त्या पोराला उभं राहू दिलं, ऐकलं आणि कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हटलं. १९१८ साली भादली स्टेशनजवळ रेल्वेच्या अपघातात तो गेला, अठ्ठाविशीही पूर्ण झाली नव्हती. जळगावची ती सभा आणखी दहा वर्षांनी भरली असती तर, असा विचार मनात आला की पोटात कालवतं.

आता बैठक कशी चालते ते सांगते. महिन्यातला दुसरा आणि चौथा शनिवार, संध्याकाळी पाच ते साडेसात. जागा वाचनालयाचा व्हरांडा. माणसं आठ ते बारा. पंधराच्या वर गेलं की वाचणाऱ्याचा घसा कोरडा पडतो आणि मागचे आपसांत बोलायला लागतात. एका बैठकीत तिघेच वाचतात. लेखन मोठ्याने वाचायचं, कारण डोळ्याला न दिसलेली अडखळ जिभेला कळते. वाचून झालं की लेखकाने गप्प बसायचं. "मला असं म्हणायचं होतं" हे वाक्य आमच्याकडे चालत नाही. मग प्रत्येकाने आधी सांगायचं की आपल्या मनात काय राहिलं. एखादी ओळ, एखादं चित्र, निंदणीवरून परतणाऱ्या बायकांच्या हातांचा वास, काहीही. दुरुस्ती त्यानंतर, आणि तीही एका वेळी एकच. हा क्रम उलटा झाला की माणूस पुढच्या वेळी येत नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही, माझ्या हातून घडलेल्या चुकीवरून सांगते. पहिल्याच वर्षी शिरपूरकडची एक मुलगी यायची. कॉलेजला होती, फार शांत. तिने आईवर एक लेख लिहिला, त्याची सुरुवातच 'मनी माय' अशी होती. मी तीस वर्षं लाल पेन चालवलेली बाई. ती वाचत असतानाच मी म्हटलं, "माझी आई, असं लिही." पुढे आणखी चार ठिकाणी अडवलं. तिने लेख पूर्ण वाचला, वही मिटली, आणि नंतर सात-आठ महिने ती फिरकली नाही. मी तिच्या घरी गेले तेव्हा तिची आई समोर बसली होती, अहिराणीतच बोलत होती. त्या बाईला 'माझी आई' केल्यावर ती बाई उरतच नव्हती, हे मला तिथे ओट्यावर बसल्यावर कळलं. मी मुलीची माफी मागितली. ती परत आली, आजही येते, पण ते सात-आठ महिने तिने काहीच लिहिलं नाही आणि ते तिला मी परत देऊ शकत नाही.

तेव्हापासून बैठकीत अहिराणी, लेवा गणबोली, पावरी, भिली ज्याची जी असेल ती येते. प्रमाण मराठी शिकायला हवी, परीक्षेला, अर्जाला, संपादकाला ती लागते आणि आम्ही ती शिकवतोही. पण कोणती कुठे वापरायची हे लिहिणाऱ्याने ठरवायचं.

बायकांच्या बाबतीत वेळेचा प्रश्न मोठा. संध्याकाळी पाच म्हणजे दूध, स्वयंपाक, पोरांचा अभ्यास. पहिली दोन वर्षं घरसंसारातल्या बायका यायच्याच नाहीत आणि आम्ही म्हणायचो, त्यांना आवड नाही. मग दुपारी दोनची एक वेगळी बैठक एका घरात सुरू केली, तर पहिल्याच दिवशी नऊ जणी आल्या. आवड होतीच, घड्याळ आडवं आलं होतं. हंगामाचंही तसंच. पेरणीच्या दिवसांत आणि दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी सुरू असते तेव्हा बैठक नको. थंडीत शेतावर भरीत-पुरी करून बसावं, ती आमची सगळ्यांत मोठी बैठक. आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, तेव्हा त्यांच्यासाठी म्हणून एक ठेवायची. सासरी वर्षभर न दाखवलेलं लेखन त्या दिवशी बाहेर पडतं. दुपारी झोके आणि गौराईची गाणी, संध्याकाळी कविता.

सत्कार मात्र ठेवू नका. शाल, नारळ, प्रमुख पाहुणे आले की दोन तास त्यांत जातात आणि वाचायला आलेला मुलगा शेवटी "वेळेअभावी" खाली बसतो. हे मी अनेक कार्यक्रमांत पाहिलंय आणि मला त्याचा खरोखर राग येतो.

पुस्तकाच्या घाईबद्दल बोलायलाच हवं. आमच्यातल्या एकाने कापसाचे आलेले पैसे एका प्रकाशकाला दिले. पुस्तकाच्या तीनशे प्रती घरी आल्या आणि पलंगाखाली गेल्या. शुद्धलेखन कोणी तपासलेलं नव्हतं, वितरण नावाची गोष्ट नव्हती. म्हणून आम्ही क्रम ठरवलाय. आधी बैठक, मग हाताने लिहिलेला आमचा हस्तलिखित अंक, मग नियतकालिकं. दिवाळी अंकांना लेखन पाठवायचं तर उन्हाळा संपता संपता तयार ठेवा. पुस्तक त्यानंतर, आणि लेखी करार वाचल्याशिवाय सही नाही. आणखी एक, पुष्कळांना माहीत नसतं. तुम्ही लिहिलं की त्यावर हक्क तुमचाच, नोंदणीची सक्ती नाही, आणि तो हक्क लेखकाच्या पश्चात साठ वर्षं राहतो. कोणी "नोंदणी करून देतो" म्हणून पैसे मागितले तर आधी विचार करा.

हस्तलिखिताची परंपरा तर आपल्या अमळनेरची. साने गुरुजी १९२४ ते १९३० तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचं दैनिक काढायचे, तेही हाताने लिहून! दिवसभर शिकवायचं आणि रात्री लिहायचं. पहाटे उठणाऱ्या मुलांना ते वाचायला मिळायचं. त्याच गावात १९५२ मध्ये आणि पुन्हा २०२४ च्या फेब्रुवारीत अखिल भारतीय साहित्य संमेलन भरलं. आमचं हस्तलिखित वर्षातून एकदाच निघतं, एकच प्रत. ती घरोघर फिरते आणि शेवटच्या कोऱ्या पानांवर वाचणाऱ्याने दोन ओळी लिहायच्या असतात. गेल्या वर्षीच्या अंकाची ती पानं भरली, म्हणून मागे वेगळे कागद टाचावे लागले.

त्या दुपारच्या बैठकीत एक आजी येतात. वय सत्तरीपुढे, लिहिता-वाचता येत नाही. नातीबरोबर नुसत्या बसायला म्हणून आल्या होत्या. तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्यांनी जात्यावरची स्वतः रचलेली ओवी म्हटली. नात वही घेऊन बसली आणि उतरवून घ्यायला लागली. झाल्यावर आजी म्हणाल्या, "वाच बरं." नातीने वाचलं. आजींनी हात वर केला, "मी विहीर कुठे म्हटलं? मी येहेर म्हटलं." सगळ्या जणी माझ्याकडे पाहायला लागल्या. मी नातीला म्हटलं, "आजी म्हणतात तसंच लिही." तिने 'विहीर' खोडलं, वर 'येहेर' लिहिलं आणि विचारलं, "आजी, पुढं?"