लिलाव, हर्रास, पावणी

(दृश्य: हर्णै बंदर, संध्याकाळ. पाण्यातून येणाऱ्या बैलगाड्या)

होड्या आत खोल पाण्यात उभ्यात, म्हणून मासळी बैलगाडीतून वाळूवर येते आणि टोपली टेकते न टेकते तोच तिच्याभोवती माणसांचं कडं पडतं. पापलेट, सुरमई, कोळंबी. एकजण भाव ओरडतो, दुसरा त्याच्या वरचा ओरडतो, तिसरा त्याच्याही वर, आणि टोपली गेली. लगेच पुढची. इथला आवाज आम्ही एडिटिंगमध्ये कमी केलेला नाही, कारण ही सगळी फिल्म त्या ओरडण्याबद्दलच आहे.

(दृश्य: लासलगाव, बाजार समितीचं आवार, वरून घेतलेला शॉट)

हे लासलगाव, नाशिक जिल्हा, निफाड तालुका. बाजार समिती १९४७ ची, आणि कांद्यासाठी आशियातली सगळ्यात मोठी बाजारपेठ म्हणून हिचं नाव घेतात. ट्रॅक्टरच्या रांगा बघा. कांदाचाळीत महिनोनमहिने जपलेला उन्हाळ कांदा ट्रॉलीत आहे, शेतकरी शेजारी उभा आहे आणि व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॅक्टरवरून दुसऱ्याकडे सरकतोय. कुणी कांदा उचलून दाबून बघतो, कुणी हात आत घालून खालचा काढतो, बोली चढत जाते, एका आकड्यावर थांबते आणि तो आकडा चिठ्ठीवर पडतो. अख्ख्या हंगामाचा निकाल मिनिटभरात लागतो आणि शेतकऱ्याला तो तिथंच, सगळ्यांच्या देखत, कानानं ऐकू येतो. हे ऐकू येणं फार मोठी गोष्ट आहे, पुढे आपण त्याच्यावर परत येणारोत.

हर्णैला विचारा नाहीतर लासलगावला, याला नाव एकच. लिलाव. आयपीएलमुळे तर शाळेतल्या पोरांनाही हा शब्द पाठ झालाय, २० फेब्रुवारी २००८ ला मुंबईत खेळाडूंचा पहिला लिलाव झाला तेव्हापासून. आणि इतका घरातला झालेला हा शब्द मराठी नाही, संस्कृतातून आलेला नाही, फारसीतूनही नाही. तो पोर्तुगीज आहे.

(दृश्य: जुनं गोवं, मांडवीच्या काठचा व्हाइसरॉय आर्च, कमानीतून आत जाणारा रस्ता)

या कमानीतून शहराच्या मध्याकडे जो रस्ता जायचा त्याला रुआ दिरैता म्हणायचे, म्हणजे सरळ रस्ता. आज इथं चर्च आहेत, झाडं आहेत, टुरिस्टांच्या बस आहेत, घरं जवळजवळ नाहीतच. पण १५८३ साली एक डच तरुण इथं उतरला, यान हुइगेन वान लिन्सखोतेन. गोव्याच्या आर्चबिशपकडे तो सेक्रेटरी होता, पाचेक वर्षं इथं राहिला, जे दिसेल ते लिहीत गेला, आणि परत गेल्यावर १५९६ मध्ये ॲमस्टरडॅमला त्याचं पुस्तक छापलं गेलं. त्यातलं हे चित्र.

(दृश्य: चित्रावरून हळूहळू सरकणारा कॅमेरा. घोडा, छत्र्या, पालखी, गर्दी)

रस्ता तोच, रुआ दिरैता. रोज सकाळी, ऊन चढायच्या आत, सणवार सोडून इथं बाजार भरायचा आणि त्या बाजाराचं नावच होतं लेलांव. पुकारे करणारी माणसं शहराकडून नेमलेली असायची. लिन्सखोतेन लिहितो की त्यांच्या अंगावर विकायच्या सोन्याच्या साखळ्या, मोती, अंगठ्या लटकत असायच्या, आजूबाजूला अरबी घोडे, मसाले, गालिचे. शहरात कुणी मेलं की त्याचं सगळं सामान इथं यायचं आणि शेवटच्या पैशापर्यंत विकलं जायचं, मग तो व्हाइसरॉय का असेना. आणि नुसतं घ्यायला-विकायलाच लोक यायचे असं नाही, बातम्या ऐकायलाही यायचे. अँटवर्पच्या बाजाराशी त्यानं याची तुलना केलीय आणि ते पटतं, कारण तेव्हा जगभरचा माल या एका रस्त्यावर उतरत होता.

चित्रात इथं डावीउजवीकडे बघा. माणसं पण विकायला आहेत. पुरुष, बायका, म्हातारी, पोरं.

(चित्रावर पाच सेकंद थांबा. निवेदन नाही.)

तर हा शब्द इथं, या रस्त्यावर ओरडला जात होता. आणि पोर्तुगीजांनी तरी तो कुठून आणला? त्यांच्या देशावर काही शतकं अरबी बोलणाऱ्यांचं राज्य होतं, आणि लेलांव हा शब्द अरबीतल्या 'अल-इलाम'शी जोडला जातो. अर्थ काय, तर कळवणं, जाहीर करणं. आपण 'तालीम' म्हणतो ना, त्याचं मूळही तेच, माहिती देणं, शिकवणं. म्हणजे लिलाव या शब्दाच्या पोटात 'विकणं' नाहीच आहे, 'पैसा' नाही, 'माल' नाही. सगळ्यांना सांगणं आहे.

(ग्राफिक: हिंदी महासागराचा नकाशा, गोव्यापासून निघणाऱ्या रेषा)

पोर्तुगीज जहाजं जिथं जिथं लागली तिथं हा शब्द उतरलाय. मराठीत लिलाव, हिंदीत आणि बंगालीत नीलाम, तेलुगूत वेलम, तमिळमध्ये एलम. तमिळमध्ये वेलचीलाही एलमच म्हणतात, आणि तमिळनाडूत बोडिनायकनूरला वेलचीचे मोठे लिलाव होतात, तिथं एलमचं एलम चालतं. तसंच पुढे गेलात तर मलेशियात लेलोंग, इंडोनेशियात लेलांग. मलेशियाच्या रात्रबाजारात फेरीवाले स्वस्तात माल काढताना आजही 'लेलोंग लेलोंग' ओरडतात. श्रीलंकेत सिंहली लोक मात्र वेंदेसिय म्हणतात, तो शब्द डचांचा, कारण पोर्तुगीजांना हाकलून डच तिथं बसले. कुणाचं राज्य कधी होतं हे बाजारात उभं राहून ऐकलं तरी कळतं.

(दृश्य: अकोल्याकडचा रस्ता, कापसानं भरलेल्या गाड्या)

आता विदर्भात या. इथं जुन्या माणसांना लिलाव म्हणा, कळेल, पण त्यांच्या तोंडात शब्द वेगळा आहे. हर्रास. रेतीघाटाचा हर्रास, जप्तीच्या मालाचा हर्रास. हा शब्द समुद्रातून नाही आला, निजामाच्या मुलखातून, दख्खनी उर्दूतून आला. तिकडे हर्राज, आणि त्याच्या मागे परत अरबीच, हराज. गुजरातमध्ये ऊंझाला जिऱ्याची हराजी होते, कर्नाटकात हराजु. सौदी अरेबियात आजही जुन्या गाड्यांचा बाजार म्हणजे हराज. नोव्हेंबर २०२४ मध्ये आयपीएलचा लिलाव जेद्दाहला झाला, ऋषभ पंत २७ कोटींना गेला, आपल्याकडचे सगळे चॅनेल 'लिलाव लिलाव' करत होते आणि ज्या भाषेतून आपले हे दोन्ही शब्द निघाले ती भाषा बाहेर रस्त्यावर बोलली जात होती.

सांगली भागात अजून तिसरंच. हळदीचे सौदे, बेदाण्याचे सौदे. एका महाराष्ट्रात तीन शब्द, तीन वाटांनी आलेले, आणि तिन्ही अस्सल मराठी म्हणूनच बोलले जातात.

(ग्राफिक: एकेक शब्द पडद्यावर, मागे जुनी चित्रं)

जगात बाकीच्यांनी याला काय नावं दिलीत ते बघताना आम्ही सगळेच थक्क झालो. इंग्रजी ऑक्शन लॅटिनमधून आलाय, अर्थ वाढवणं. अरबीत अजून एक शब्द आहे मजाद, तोही वाढवणंच. स्वाहिलीत म्नाडा, मूळ अरबी हाक मारणं. चिनी भाषेत पाय-माय, टाळी वाजवल्यासारखं थापटून विकणं. स्पॅनिशमध्ये सुबास्ता, लॅटिनमधल्या दोन शब्दांचा जोड, भाल्याखाली. रोमन सैन्य लढाईतली लूट विकायचं तेव्हा जमिनीत भाला रोवायचं, त्या भाल्याखाली जे विकलं जाईल ते सरकारच्या अधिकारात विकलं गेलं असा अर्थ. इटालियनमध्ये तर नुसतं आस्ता, भाला. याच रोममध्ये इ.स. १९३ साली पहारेकरी सैन्यानं बादशाहीच बोलीवर काढली होती आणि दिदियस जुलियानस नावाच्या श्रीमंत माणसानं ती शिपायामागे २५ हजार सेस्टर्स बोलून घेतली. दोन-तीन महिन्यांत तो मारला गेला.

फ्रान्समध्ये मासळीबाजाराच्या लिलावघराला ला क्रिए म्हणतात, म्हणजे ओरडणं. हर्णैच्या कोळ्याला ब्रिटनीच्या बंदरात नेऊन उभं केलं तर भाषा कळणार नाही पण काय चाललंय ते एका क्षणात कळेल. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातले इथले इंग्रजही लिलावाला 'आउटक्राय'च म्हणायचे, परत तेच, ओरडा.

आणि बेल्जियमच्या किनाऱ्यावर मासळीच्या लिलावघराला म्हणतात विसमैन. विस म्हणजे मासा, मैन म्हणजे माझं. कारण तिथं भाव वर चढत नाही, वरून खाली उतरतो, आणि ज्याला पटेल तो मध्येच ओरडतो 'माझं', झालं, माल त्याचा.

(दृश्य: जुनी छायाचित्रं, कालव्यातल्या भाजीच्या होड्या)

ही भाव उतरवायची पद्धत हॉलंडची, आणि तिच्याबद्दल थोडं जास्त सांगतो कारण ती आपल्या शेतकऱ्यांनी ऐकायला पाहिजे. ब्रूक-ओप-लांगेदैक नावाचं गाव, चहूकडे पाणी, शेतकरी कोबी-फ्लॉवर होडीतून आणायचे. व्यापारी एकेकाला गाठून भाव पाडायचे, हे आपल्याला काही नवीन नाही. १८८७ मध्ये तिथं माल लिलावानं विकायला सुरुवात झाली, सगळे व्यापारी एका ठिकाणी, होडी समोरून जाणार, भाव सगळ्यांसमोर. पुढे त्यासाठी भलंमोठं घड्याळ आलं, काटा वरच्या भावापासून खाली सरकतो, व्यापारी बटण दाबतो तिथं थांबतो. आल्समेरचं फुलांचं जगप्रसिद्ध लिलावघर याच घड्याळावर वाढलं आणि त्याची मालक कोणी बाहेरची कंपनी नाही, फुलं पिकवणाऱ्यांची सहकारी संस्था आहे. लिलावघर शेतकऱ्याच्या मालकीचं. हे वाक्य परत ऐका.

अजून एक गोष्ट सगळीकडे सारखी सापडली, तीनपर्यंत मोजणं. आपलं एक वार, दोन वार, तीन वार. जर्मन पण पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा असंच म्हणतात. डच म्हणतात एकदा, परत एकदा, विकलं. कुणालाही शेवटची संधी दिल्याशिवाय माल जाऊ नये म्हणून ते मोजणं.

(दृश्य: दोन हात, त्यांच्यावर रुमाल. पुनर्चित्रण)

आता या सगळ्याच्या बरोब्बर उलट काय होतं ते बघा. हा आम्ही मुद्दाम करून घेतलेला सीन आहे, कारण खरा आता सहसा दिसत नाही. हत्ता पद्धत. व्यापारी आणि अडत्या, म्हणजे शेतकऱ्याच्या वतीनं माल विकणारा दलाल, एकमेकांचा हात धरणार, वरून रुमाल किंवा धोतराचा सोगा टाकणार आणि आत बोटं दाबून भाव ठरणार. कुठलं बोट, किती वेळा, शेकडा की दहा, ते त्या दोघांनाच माहीत. माल ज्याचा तो शेतकरी बाजूला उभा राहून रुमाल हलताना बघणार. मग अडत्या बाहेर येऊन त्याला सांगेल तो भाव. आत काय ठरलं ते शेतकऱ्याला कळायचा मार्गच नाही. हे वर्षानुवर्षं चाललं, देशभर चाललं, आणि बाजार समित्यांचे कायदे आले, आपल्याकडे १९३९ चा मुंबई इलाख्याचा आणि मग १९६३ चा महाराष्ट्राचा, त्यांनी रुमाल काढायला लावला आणि विक्री उघड बोलीनं व्हायला लागली. बाजार समित्यांना नावं ठेवणारे भरपूर आहेत, त्यांच्यातल्या बऱ्याच तक्रारी खऱ्याही आहेत, पण हा रुमाल ज्यानं काढला त्या कायद्याचं मोल कमी लेखू नये असं आम्हाला मनापासून वाटतं.

(दृश्य: गोव्यातलं देऊळ, रात्र. फळांच्या पाट्या, हसणारी माणसं)

शूटिंगला गोव्यात होतो तेव्हा एका देवळात हे मिळालं. देवाला आलेली फळं, नारळ, भाज्या उत्सवानंतर बोलीवर निघतात. एका भोपळ्यासाठी दोन घरांची चुरस लागते आणि बाजारात मिळेल त्याच्या कितीतरी पट पैसे मोजून कुणीतरी तो घेऊन जातं, सगळं देऊळ बघतंय, पैसे देवाला. याला तिथले लोक लिलाव नाही म्हणत. पावणी म्हणतात. जिथून आपल्याला पोर्तुगीज शब्द मिळाला तिथंच देवळाच्या आवारात त्यांनी स्वतःचा कोकणी शब्द जपून ठेवलाय, साडेचारशे वर्षांच्या राजवटीत जपलाय. या रात्रीचे शॉट आम्ही जवळजवळ न कापता ठेवलेत.

(दृश्य: लासलगाव, बंद गेट, रिकामं आवार. मग मोबाईलवरचा भाव)

लिलाव बंद पडतो तेव्हा आवार असं दिसतं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली, दोन्ही वेळेला नाशिक जिल्ह्यात लिलाव थांबले आणि कांदा चाळीत नाहीतर ट्रॉलीत राहिला.

आणि २०१६ पासून ई-नाम आहे, केंद्र सरकारचा शेतमालाचा ऑनलाइन बाजार, ई-लिलाव, बोली मोबाईलवर. ओरडा नाही, घोळका नाही. आमचा त्याला विरोध नाही, लांबच्या व्यापाऱ्याला बोली लावता येत असेल तर चांगलंच आहे. फक्त मागणी एवढीच की तो स्क्रीन आवारात मोठा लागला पाहिजे, ट्रॉलीपाशी उभ्या माणसाला दिसेल असा, मराठीत, प्रत्येक बोली आली तशी. आणि ठरलेला भाव गाडी आवारातून हलायच्या आधी पावतीवर शेतकऱ्याच्या हातात, म्हणजे पुढे माल खाली करताना 'खालचा कांदा हलका निघाला' म्हणून कुणी तो कमी करणार नाही.