सोनं दहा वर्षं उशिरा सापडलं असतं तर

मंडळी, मॉर्मन हा अमेरिकेतच जन्मलेला ख्रिस्ती पंथ तिथल्या बड्या धर्मपंथांत जाऊन बसला असता का, हा विषय निघाला की सगळे २७ जून १८४४ पाशी थांबतात. त्या दिवशी इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात जमाव घुसला आणि त्याने पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ आणि त्याचा भाऊ हायरम यांना गोळ्या घातल्या. स्मिथ तेव्हा राष्ट्राध्यक्षपदाला उभा होता. तो वाचला असता तर?

मला विचाराल तर फारसा फरक पडला नसता. इलिनॉयमधल्या नॉवू या त्यांच्या गावात मॉर्मन एकगठ्ठा मतं टाकत, त्यांची स्वतःची फौज होती. शेजारी बिथरले ते त्यामुळे. मिसुरीच्या गव्हर्नरने तर १८३८ मध्येच यांना हाकला नाहीतर नायनाट करा, असा लेखी हुकूम काढला होता. स्मिथ जगला असता, तरी शेजारी तेच राहिले असते.

खरी मेख पुढे आहे. स्मिथनंतर ब्रिगॅम यंग पुढारी झाला आणि मॉर्मन नवी जागा शोधत पश्चिमेला निघाले. सॅम ब्रॅनन नावाचा एक उचापती मॉर्मन 'ब्रुकलिन' जहाजातून दोनशेवर माणसं घेऊन, केप हॉर्नला वळसा घालून, जुलै १८४६ मध्ये यर्बा बुएनाला उतरला. हेच आजचं सॅन फ्रान्सिस्को. वस्ती इतकी तुरळक होती की काही काळ ते गाव मॉर्मनांचंच झालं. पुढच्या उन्हाळ्यात ब्रॅनन डोंगर ओलांडून ब्रिगॅम यंगला ग्रीन नदीपाशी गाठतो. सुपीक जमीन आहे, बंदर आहे, तिकडे चला म्हणतो. यंग ऐकत नाही. त्याला दुसऱ्या कुणाला नको असलेलीच जागा हवी होती. तो आजच्या युटातल्या सॉल्ट लेकच्या खोऱ्यात उतरला.

समजा, त्याने ऐकलं असतं. १८५० च्या सुमाराला युटापेक्षा ब्रिटनमध्ये जास्त मॉर्मन होते. ते लिव्हरपूलहून थेट जहाजाने आले असते. १८५६ मध्ये हातगाड्या ओढत निघालेल्या तांड्यांतली दोनशेवर माणसं बर्फात गेली, ती वाचली असती.

पण २४ जानेवारी १८४८ ला कॅलिफोर्नियातच सटरच्या लाकूड कापायच्या गिरणीवर सोनं सापडलं. गंमत बघा, तिथे राबणाऱ्यांत मॉर्मन बटालियनमधून, म्हणजे मेक्सिकोशी लढायला अमेरिकी सैन्यात भरती झालेल्या मॉर्मनांच्या तुकडीतून, सुटलेले शिपाई होते. ही तारीख आपल्याला कळते तीही त्यांच्यातल्या हेन्री बिग्लरच्या रोजनिशीमुळे. ब्रॅननने आधी दुकानात फावडी, घमेली भरली आणि मग सोन्याची बाटली नाचवत गावभर बोंब ठोकली. त्याने धर्म कसला राखायचा! वर्षभरात हजारोंचा लोंढा आला. यंग किनाऱ्यावर असता तर त्याची दोनेक हजार माणसं त्यात कुठल्या कुठे वाहून गेली असती.

म्हणून माझ्या कल्पित इतिहासात दोन गोष्टी बदलाव्या लागतात: यंगने हो म्हणायचं आणि सोनं निघायचं ते १८५८ मध्ये. तोवर खोरी मॉर्मनांनी भरलेली, बंदर त्यांच्या हातात, जमिनीचे कागद त्यांच्या नावावर. बहुपत्नीत्वाची जाहीर कबुली त्यांनी १८५२ मध्ये दिली. यंग पक्का व्यवहारी, राज्याचा दर्जा पदरात पडेपर्यंत ती त्याने दाबून ठेवली असती. युटा केंद्रशासित होतं, म्हणून काँग्रेसला १८८७ मध्ये कायदा करून पंथाची मालमत्ता जप्त करता आली आणि १८९० मध्ये पंथाला बहुपत्नीत्वावर पाणी सोडावं लागलं. राज्य झालेल्या कॅलिफोर्नियाशी वॉशिंग्टनला इतकं सहज खेळता आलं नसतं. त्याची सिनेटमधली दोन मतं प्रत्येक पक्षाला हवी असती.