नागपूर ते मुंबई : आकाशातलं अंतर

श्रोते हो, नमस्कार. नागपूरहून मुंबई किती लांब? रेल्वेनं, वर्धा, भुसावळ, मनमाड करत सुमारे 837 किलोमीटर. समृद्धी महामार्गानं 701, तेही ठाणे जिल्ह्यातल्या आमण्यापर्यंत. आणि विमानाच्या सरळ रेषेत सुमारे 680. पुन्हा सांगतो, आकाशातून 680.

तिकिटावर वेळ दीड तासाच्या आसपास दिसते. पण चाकं जमिनीवरून सुटल्यापासून पुन्हा टेकेपर्यंत साधारण सव्वा तास. बाकीचा वेळ विमान जमिनीवरच चालतं. तिकिटावर दीड तास, आकाशात सव्वा तास, एवढं ध्यानात ठेवा.

ही सरळ रेषा कुठून जाते, हे मला माझ्या आत्यानं शिकवलं. आत्याचं माहेर मेहकर, सासर नागपूर. लग्न होऊन आली तेव्हा एस.टी.त अख्खा दिवस गेला होता. गेल्या पौषात, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, ती पहिल्यांदा विमानात बसली. मी तिला डावीकडची खिडकी दिली. (खिडकीत बसून झापड ओढून घेणं मला अजिबात पटत नाही. आणि घराच्या भिंतीवर महाराष्ट्राचा एक कागदी नकाशा असावाच. मोबाइलवर दोन गावं दिसतात, मधला मुलूख दिसत नाही.)

उडून जेमतेम अर्धा तास झाला असेल. आत्यानं माझा हात घट्ट धरला. "पाय रे, पाय! हे त आपलं लोणार!" मी वाकून पाहिलं. खाली डावीकडे, दूर, जमिनीत वाटी रुतवावी तसा गोल खळगा. सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचं ते विवर वरून रुपयाएवढं दिसत होतं. लहानपणी ती मेहकरहून बैलगाडीनं कमळजा देवीच्या जत्रेला जायची. तिनं खिडकीतूनच हात जोडले. मग म्हणाली, "म्हंजे मेहकर आत्ताच खालून गेलं. माहेर अर्ध्या तासावर होतं रे माह्यं." पुढं बराच वेळ ती बोलली नाही.

मुंबईवर मात्र गर्दी होती. विमानानं वीस मिनिटं घिरट्या घातल्या. म्हणून सांगतो, पुढची गाडी धरायची असेल तर हातात तासभर जास्तीचा ठेवाच.

आपल्या नागपूरच्या सोनेगाव विमानतळाला अशा हवाई हिशेबाची जुनी सवय आहे. 1949 साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास इथून निघालेली विमानं मध्यरात्री नागपुरात भेटायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि जो तो आपल्या गावी परतायचा. देशाच्या मध्यावर असण्याचं हे मोल.

आणखी एक. हिवाळ्यात उंचावरचे वारे पश्चिमेकडून वाहतात. मुंबईला जाताना ते समोरून येतात, नागपूरला परतताना पाठीशी असतात. अंतर तेच, पण परतीला काही मिनिटं कमी लागतात.

परतीचं तिकीट काढताना आत्यानं आठवणीनं उजवीकडची खिडकी मागितली. ती फेरी रात्रीची होती. खाली काळोखात दिव्यांचा एक लहानसा पुंजका दिसला. आत्या म्हणाली, "हेच मेहकर." मीही हो म्हणालो.