गेटवरून परत जाऊ नका

(दृश्य: नाशिकची सातपूर एमआयडीसी, फर्स्ट शिफ्टची वेळ)

सकाळचे पावणेसात. त्र्यंबक रोडवरून सातपूरच्या एमआयडीसीत शिरणारी ही गर्दी रोजचीच, बाइक, सायकली, रिक्षा, हँडलला अडकवलेले डबे. तिकडे अंबडलाही आत्ता हेच चाललेलं असणार. गाड्यांचे पार्ट, इलेक्ट्रिकल पॅनल असं बरंच काही इथल्या कारखान्यांत बनतं, आणि ऑर्डर जरा कमी झाली की पहिली कात्री लागते ती कामगाराच्या तासांना.

(दृश्य: मोबाइलची स्क्रीन, जवळून)

हा मेसेज बघा. रात्री साडेनऊला ग्रुपवर पडलाय. उद्यापासून चारच तास यायचं, पगार तासाप्रमाणे. खाली सही नाही, लेटरहेड नाही, किती दिवसांसाठी तेही नाही. ज्या ताईंचा फोन आहे त्या असेंब्लीला आहेत, चेहरा नको दाखवू म्हणाल्या म्हणून फक्त हात दिसतायत. त्याच हातांनी त्यांनी पिशवीतून नियुक्तीपत्र काढलं, प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेलं, त्यात स्पष्ट लिहिलंय, रोज आठ तास, आठवड्याला सहा दिवस.

असं एका मेसेजवर तास कापता येत नाहीत. हा काही नवीन नियम नाहीये, औद्योगिक विवाद कायदा 1947 मध्ये कलम 9अ होतं तेच सांगत होतं, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी जी औद्योगिक संबंध संहिता आली तिच्या कलम 40 मध्येही तेच आहे. कामाचे तास, मधली सुट्टी, पगार, भत्ते, शिफ्टची पद्धत, यात कामगाराचं नुकसान होईल असा बदल करायचा तर मालकाने आधी नोटीस द्यायची आणि त्यानंतर 21 दिवस थांबायचं. युनियनशी झालेल्या करारातच तो बदल ठरला असेल तर गोष्ट वेगळी, किंवा शिफ्ट तातडीने बदलायची वेळ आली तर कारखान्यातल्या तक्रार निवारण समितीशी बोलून करता येते, पण बोलून, रात्री मेसेज टाकून नाही.

(दृश्य: गेटजवळचा बोर्ड)

हा बोर्ड रोज शेकडो लोक बघत जातात, वाचत कोणी नाही. कुठल्या पाळीला किती वाजता काम सुरू, सुट्टी कधी, हे लावून ठेवणं कायद्याने सक्तीचं आहे. आम्ही शूट केलं त्या दिवशी इथं आठ तासांचीच पाळी लिहिलेली होती, म्हणजे कागदावर आठ आणि आत चार. या बोर्डचा फोटो काढून ठेवा, तारखेसकट, पुढे हाच कामाला येतो.

(दृश्य: गेटबाहेर थांबलेले कामगार, वॉचमन हात हलवतोय)

आता हे नीट बघा, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं. वॉचमन सांगतो आज काम नाही, जा, आणि लोक बाइकला किक मारून घरी जातात. जाऊ नका. हजेरीपटावर नाव असलेला कामगार वेळेवर हजर झाला आणि दोन तासांत त्याला काम दिलं नाही तर त्या दिवसापुरता तो ले-ऑफवर, म्हणजे नोकरी कायम पण काम न देता बसवलेला, आहे असं कायदा मानतो. दुपारनंतर या म्हणून सांगितलं, तुम्ही आलात आणि काम मिळालं, तर ले-ऑफ अर्ध्या दिवसाचा. आणि आल्यावरही काम दिलं नाही तर त्या दुसऱ्या अर्ध्याचा मूळ पगार आणि महागाई भत्ता पूर्ण द्यावा लागतो! पण हे सगळं तुम्ही हजर होतात यावर आहे, म्हणून हजेरी लावल्याशिवाय हलायचं नाही, पंचिंग करू देत नसतील तर दोघं-तिघं मिळून वेळ लिहून सह्या करा.

ले-ऑफची भरपाई म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम. 50 किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात, वर्षभर सलग नोकरी झालेल्यांना, बदली (दुसऱ्याच्या जागी घेतलेले) आणि कॅज्युअल कामगार सोडून. 300 किंवा जास्त कामगार असतील तर ले-ऑफला आधी सरकारची परवानगी लागते. आधी ही मर्यादा 100 होती, ती 300 केली, आणि मधल्या आकाराच्या कंपन्यांमधला कामगार त्या संरक्षणातून बाहेर पडला, हे आम्हाला अजिबात पटलेलं नाही.

ठेकेदाराकडे रोजावर असणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण तुम्हाला यात काही मिळत नाही असं त्यांना सर्रास सांगितलं जातं. किमान वेतन रोजावर ठरलेलं असेल आणि मालकाने काम न दिल्यामुळे दिवस अर्धा भरला, तर वेतन संहितेच्या कलम 10 प्रमाणे पगार सहसा पूर्ण दिवसाचा धरायचा असतो. आधी किमान वेतन कायदा 1948 मध्येही हे होतंच. ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ कंपनीवर जबाबदारी येते.

(दृश्य: पगारस्लिपा, एकाखाली एक)

दोन महिन्यांच्या स्लिपा शेजारी ठेवल्यात, आकडे तुम्हीच बघा, रूमचं भाडं आणि मुलांची फी तेवढीच राहिलीय.

(दृश्य: कामगार उपायुक्त कार्यालय, बाकावर बसलेल्या महिला)

इथं एकट्याने येण्यापेक्षा मिळून या, युनियन असेल तर युनियनतर्फे. अर्जात जुने तास, नवे तास, मेसेजची तारीख आणि कुणी पाठवला ते लिहा, नियुक्तीपत्र, बोर्डचा फोटो आणि स्लिपांची झेरॉक्स जोडा, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. समेट अधिकाऱ्यापुढे, म्हणजे कामगार आणि मालकात तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यापुढे, वाद सुरू झाला की तो सुरू असेपर्यंत त्याच मुद्द्यावर कामाच्या अटी कामगाराच्या विरोधात बदलायला कंपनीला त्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. त्यासाठीच अर्ज लवकर द्यायचा, तीन-चार पगार कापून झाल्यावर नाही.

ताईंनी आणि त्यांच्या लाइनवरच्या बायकांनी मिळून अर्ज दिलाय. पोच मिळालीय, तारीख लागायची आहे, आणि तोवर त्या रोज आठ तासांच्याच वेळेला गेटवर जाऊन हजेरी मागतायत.